जे तिकीट तुम्ही वर पाठवता तेच शिका, सपोर्टवाल्यांसाठी सर्टिफिकेशनचं प्लॅनिंग

"भो, कोणतं सर्टिफिकेट करू?" हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो, जास्त करून आपल्याच भागातून, आणि विचारणारे सगळे सपोर्टमधले. कोणी जळगावला बँकेत थर्ड पार्टी पेरोलवर रेसिडेंट इंजिनिअर, कोणी धुळ्यात एएमसीवाल्याकडे (वर्षभराच्या देखभालीचा करार घेणाऱ्याकडे) गाडीवर फिरून प्रिंटर-डेस्कटॉप बघतं, कोणी पुण्यात सर्व्हिस डेस्कवर रात्रभर हेडफोन लावून पासवर्ड रीसेट करतं. तीन-चार वर्षं झालेली असतात, पगार जेमतेम हललेला असतो, आणि यूट्यूब उघडलं की रोज कोणीतरी नवीन सांगतं की क्लाउड करा, सायबर करा, डेव्हऑप्स करा. मी स्वतः पाच वर्षं डेस्कटॉप सपोर्ट केलाय, एमआयडीसीतल्या दालमिल आणि जिनिंगपासून हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरपर्यंत, नंतर नेटवर्कला आलो, त्यामुळे खाली जे लिहितोय ते करून बघितलेलं आहे.

माझं सांगणं एकच आहे. तुम्ही जे तिकीट, म्हणजे युजरची नोंदवलेली तक्रार, थोडं बघून एल-टूकडे, म्हणजे वरच्या पातळीच्या सपोर्टकडे, पाठवून देता ना, तेच तुमचं पुढचं सर्टिफिकेट आहे. कारण ते काम तुमच्या समोर रोज घडतंय, ते करणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहे, शिकलेलं दुसऱ्या दिवशी वापरून बघता येतं आणि इंटरव्ह्यूमध्ये सांगायला खरी गोष्ट असते. बाजारात काय चाललंय ते दर दोन वर्षांनी बदलतं, तुमच्या टेबलावरचं काम मात्र तुम्हाला आजच माहीत आहे.

आधी एक महिना वही

काही विकत घेऊ नका, कुठे क्लास लावू नका. एक वही घ्या, साधी शंभर पानी, आणि महिनाभर प्रत्येक तिकीट त्यात लिहा. तारीख, तक्रार काय होती, मी काय केलं, कोणाकडे पाठवलं, आणि शेवटी ते कशाने सुटलं. हा शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात, तिकीट वर गेलं की आपला संबंध संपला असं धरतात, पण सगळा माल त्याच रकान्यात आहे. तिकीट बंद झालं की रिझोल्यूशन नोट्स वाचा, तिथे नुसतं 'इश्यू रिझॉल्व्ड' लिहिलेलं असेल तर एल-टूवाल्याला चहाच्या वेळी विचारा की सर नक्की काय केलं होतं. शंभरातले नव्वद सीनियर सांगतात, त्यांना कोणी विचारतच नाही.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. एका दालमिलमध्ये सोमवारी सकाळी फोन आला की सगळंच बंद. गेलो तर टॅली उघडेना, बायोमेट्रिक बंद, वजनकाट्याचं कॉम्प्युटर सर्व्हरला जोडेना आणि गेटबाहेर ट्रकची लाइन लागलेली, मालक डोक्यावर उभे. मी राउटर रीस्टार्ट केला, सर्व्हर रीस्टार्ट केला, सगळे कॉम्प्युटर जोडणारा नेटवर्क स्विच बंद-चालू केला, दोन मिनिटं चालायचं आणि परत बंद पडायचं, असे दोन तास गेले. शेवटी आमच्या सीनियरला बोलावलं. त्यांनी कॉम्प्युटरला हातही लावला नाही, स्विचसमोर उभे राहून फक्त लाइट बघितले. सगळे लाइट एकदम, एकाच तालात, वेड्यासारखे लुकलुकत होते. मग एकेक वायर काढत गेले आणि सातवी वायर काढल्याबरोबर लाइट शांत झाले. रविवारी ऑफिस झाडताना कोणीतरी लोंबकळणारं एक टोक बघितलं आणि बिचाऱ्याने चांगल्या मनाने ते रिकाम्या पोर्टमध्ये खोचून दिलं, त्या वायरचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये आधीच होतं. लूप झाला, नेटवर्कचा तोच ट्रॅफिक गोल गोल फिरत राहिला आणि साधा अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता न येणारा, स्विच असल्यामुळे त्याला थांबवणारं कोणी नव्हतं.

त्या दिवशी शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, लूप, ब्रॉडकास्ट स्टॉर्म, एसटीपी. एसटीपी म्हणजे काय हे तेव्हा मला माहीत नव्हतं, नंतर कळलं की असा लूप ओळखून एक पोर्ट बंद ठेवायची ती स्विचची पद्धत आहे आणि सीसीएनए या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटमध्ये त्यावर अख्खा धडा आहे. महिन्याच्या शेवटी मोजलं तर वर पाठवलेल्या तिकिटांत निम्म्यापेक्षा जास्त नेटवर्कची होती. मला कोणाला विचारायची गरजच उरली नाही.

तुम्हीही महिना संपला की मोजा. जे तुम्ही स्वतः सोडवता ते मोजू नका, प्रिंटर स्पूलर, आउटलूकचा पासवर्ड, कॅशे क्लिअर, हे तुम्हाला येतंच. फक्त वर गेलेली मोजा आणि त्यांचे ढीग करा.

ढिगावरून रस्ता

नेटवर्कचा ढीग मोठा असेल, म्हणजे आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं), स्विच, व्हीपीएन, ब्रांचची लिंक डाउन, तर सिस्कोचं सीसीएनए. परीक्षा एकच आहे, कोड २००-३०१, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर, पास झालात की ३ वर्षं चालतं. सिलॅबसमध्ये सगळ्यात जास्त वजन आयपी कनेक्टिव्हिटीला, २५ टक्के, मग नेटवर्कचं बेसिक आणि स्विचिंग २०-२० टक्के, सिक्युरिटी १५, आयपी सर्व्हिसेस १० आणि ऑटोमेशन १०. कॉम्पटिया या संस्थेचं नेटवर्क प्लस आधी करायचं का असं विचारतात. अभ्यास करायला चांगलं आहे, पण खिसा एकच असेल तर माझं मत सरळ सीसीएनए, कारण आपल्याकडच्या जाहिरातींत नाव त्याचंच दिसतं.

विंडोजचा ढीग असेल, म्हणजे डोमेन जॉइन, ग्रुप पॉलिसी, लॅपटॉप एनरोल होत नाही, मेलबॉक्स, लायसन्स, तर मायक्रोसॉफ्टचा रस्ता. माझी मावसबहीण नंदुरबारला घरून सर्व्हिस डेस्कचं काम करते, तिने वही केली तर अर्धी पानं एकाच गोष्टीची निघाली, नवीन लॅपटॉप इंट्यूनमध्ये येत नाही. मला म्हणाली, "दादा, हे इंट्यून इंट्यून रोज ऐकते, पण आहे तरी काय ते?" इंट्यून म्हणजे कंपनीचे लॅपटॉप-मोबाइल दुरून सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं साधन. तिच्यासाठी एमडी-१०२ हेच बरोबर होतं, एंडपॉइंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, त्यात इंट्यून, ऑटोपायलट (नवीन लॅपटॉप आपोआप तयार करणं), अपडेट पॉलिसी सगळं येतं. तिने घाबरू नये म्हणून आधी एझेड-९०० करून घेतलं, ती अ‍ॅझ्युअरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या, फंडामेंटल्सची परीक्षा आहे, सोपी आहे आणि एक्स्पायर होत नाही. तिच्यापुढे आता एझेड-१०४ आहे, अ‍ॅझ्युअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, आणि ते मात्र वजनदार आहे. नुसतं एझेड-९०० दाखवून अ‍ॅडमिनची नोकरी मिळेल अशी आशा ठेवू नका, ती पायरी आहे, मजला नाही.

सर्व्हरचा ढीग लिनक्सचा असेल, डिस्क भरली, सर्व्हिस बंद पडली, परमिशन नाही, तर रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीचं आरएचसीएसए. ही परीक्षा मला मनापासून आवडते कारण त्यात पर्याय निवडायचे प्रश्नच नाहीत, समोर मशीन देतात आणि काम करून दाखवायचं, ३०० पैकी २१० लागतात. रीबूट केल्यावर तुमचं काम टिकलं पाहिजे, नाहीतर मार्क नाही. क्लाउडकडे जायचं असेल तर लिनक्स नंतर एडब्ल्यूएसचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं, सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट, ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १५० डॉलर. त्याच्या आधीचं क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरचं आहे, ते पास झालं की पुढच्या परीक्षेला अर्ध्या किमतीचं कुपन मिळतं, म्हणजे हिशोब केला तर दोन्ही मिळून १७५ पडतात, सरळ मोठी दिली तर १५०. आत्मविश्वास कमी असेल तर ते २५ डॉलर वाया जात नाहीत असं मी म्हणेन.

सिक्युरिटीबद्दल थोडं सावकाश. सध्या सगळ्यांना सायबरमध्ये जायचंय आणि कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस चांगलंच आहे, सध्याचा कोड एसवाय०-७०१, ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९०० च्या मापावर ७५० ला पास. पण पोर्ट म्हणजे काय, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) कसं चालतं हे पक्कं नसताना सिक्युरिटीत गेलं की नुसते शब्द पाठ होतात. आधी नेटवर्क किंवा विंडोजचा पाया, मग हे. फिशिंगचे मेल, अँटिव्हायरसचे अलर्ट, अकाउंट लॉक अशा तिकिटांनी वही भरलेली असेल तर मात्र हा रस्ता तुमचाच आहे, एसओसीमधली (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर) पहिली नोकरी हे अलर्ट बघायचीच असते.

आणि एक ढीग असाही निघतो ज्यात टेक्निकल काहीच नसतं, तिकीट चुकीच्या टीमला गेलं, एसएलए (काम करून द्यायची कबूल केलेली वेळ) चुकला, कोणी कोणाला कळवलं नाही. हे वाचून तुम्हाला चीड येत असेल आणि नीट लावावंसं वाटत असेल, तर तुम्ही टीम लीडच्या कामाचे आहात, आयटीआयएल ४ फाउंडेशन बघा, आयटी सेवा नीट चालवायच्या पद्धतींचं. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. फक्त हे शक्यतो कंपनीच्या पैशाने करा.

ए प्लस द्यायचं की नाही? कॉम्पटिया ए प्लसला दोन परीक्षा आहेत, सध्या २२०-१२०१ आणि २२०-१२०२, दोन्हींची फी वेगळी. तुम्ही दोन वर्षं सपोर्ट केलाय तर त्यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे. सिलॅबस कॉम्पटियाच्या साइटवर फुकट मिळतो, तो घेऊन बसा, एकेका ओळीपुढे येतं की येत नाही अशी खूण करा, जे येत नाही ते प्रोफेसर मेसरच्या फुकट व्हिडिओंवरून शिका आणि फी पुढच्या परीक्षेसाठी ठेवा. अजून सपोर्टमध्येच नसाल, आयटीआय कोपा किंवा बीसीए करून बाहेर पडताय, तर गोष्ट वेगळी, तिथे ए प्लस किंवा गुगलचं आयटी सपोर्ट सर्टिफिकेट उपयोगी पडतं. एमएस-सीआयटी आपल्याकडे प्रत्येकाकडे असतं, पण कॉम्प्युटर वापरता येतो याचा तो दाखला आहे, दुरुस्त करता येतो याचा नाही, म्हणून बायोडेटात त्याला वरची जागा देऊ नका. ज्यांची डिग्री राहिली आहे त्यांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा विचार नक्की करा, कितीतरी कंपन्यांचा एचआर ग्रॅज्युएट नसेल तर बायोडेटा पुढे पाठवतच नाही, मग सर्टिफिकेट कोणतंही असो.

पैशाचं गणित

३०० डॉलरवर १८ टक्के जीएसटी धरला की ३५४ डॉलर होतात, म्हणजे सीसीएनएसाठी तीस हजारांच्या वर तयारी ठेवा, डॉलरचा भाव त्या दिवशी जो असेल तो. पंधरा-अठरा हजार पगारवाल्याला ही रक्कम एकदम काढणं म्हणजे घरात प्रश्न. मी भिशी लावली होती, महिना अडीच हजाराची, १२ जणांची, आणि माझा नंबर परीक्षेच्या महिन्याच्या आधी यावा असं ठरवून घेतलं. पोस्टाची आरडी पण चालते. महत्त्वाचं हे की अभ्यास आणि पैसे एकाच दिवशी सुरू करा, पाच-सहा महिने आधी सुरू केलं नाही तर अभ्यास होतो आणि फी नसते, मग तारीख पुढे जाते आणि शिकलेलं विसरतं. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे दर देशाप्रमाणे असतात, भारतात अमेरिकेपेक्षा कमी पडतात, म्हणून हात तंग असेल आणि वहीत दोन ढीग सारखेच निघाले असतील तर तिकडून सुरुवात करा.

कंपनीला विचारायला लाजू नका. बऱ्याच कंपन्यांत पास झाल्यावर फी परत द्यायची सोय असते, फक्त कोणी सांगत नाही. पण सही करायच्या आधी बाँड वाचा, तीस हजारांच्या परीक्षेसाठी दोन वर्षं बांधून घेणार असतील तर तो सौदा महाग आहे. आणि 'पास करून देतो, गॅरंटी' असं म्हणून एक-दीड लाखाचं पॅकेज सांगणाऱ्यांपासून लांब राहा, क्लास लावायचाच असेल तर आधी तिथली लॅब बघा, दोन जुन्या विद्यार्थ्यांशी बोला, आणि पूर्ण फी एकदम भरू नका.

वेळ कुठून काढायचा

दिवसाला दीड तास, रविवार सोडून, थोडं मागेपुढे धरलं तरी आठवड्याचे ९-१० तास होतात. वीस आठवड्यांत २०० तासांच्या जवळ जातो आणि सीसीएनएला एवढे लागतात, माझा तरी हाच अनुभव. एझेड-९०० ला याचा चौथा भागही पुरतो. शिफ्ट असेल तर शिफ्टच्या आधीचा वेळ धरा, नंतरचा नको, रात्रभर कॉल घेऊन आलेलं डोकं सकाळी सबनेटिंग (नेटवर्कच्या पत्त्यांच्या वाटण्या करायचं गणित) करत नाही.

आपल्याकडचं कॅलेंडर बघून तारीख ठरवा, हे मी मुद्दाम सांगतो. आखाजी आणि लग्नसराई, एप्रिल-मे, दर आठवड्याला कोणाची तरी हळद, त्यात जळगाव-भुसावळचं ऊन, दुपारी पंख्याखाली पण बसवत नाही, त्यात अभ्यासाचा शेवटचा महिना ठेवू नका. श्रावणात कानबाई असते, तो आठवडा धरूच नका. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना कापूस वेचणीच्या दिवसांत रविवार मिळत नाही. मला जमलं ते असं, पावसाळ्याच्या तोंडाशी सुरुवात, दिवाळीच्या आधी सिलॅबस पूर्ण, दिवाळीनंतर फक्त उजळणी आणि लॅब, डिसेंबरात परीक्षा. आणि तारीख बुक करा. बुक केलेली तारीख असली की घरचेही मान्य करतात की याला आता लग्नाला ओढू नका, आईने स्वतः दोन ठिकाणी सांगितलं की तो यायचा नाही, त्याची परीक्षा आहे.

लॅब, खरा अभ्यास इथे होतो

व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. हाताने केल्याशिवाय काही राहत नाही.

नेटवर्कसाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर आहे, स्क्रीनवरच नेटवर्क बांधून बघायचं सॉफ्टवेअर, नेटअ‍ॅकॅड या सिस्कोच्या शिकवणीच्या साइटवर फुकट अकाउंट काढलं की मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. जेरेमीज आयटी लॅबचा सीसीएनएचा पूर्ण कोर्स यूट्यूबवर फुकट आहे, प्रत्येक धड्याला लॅब आहे, तेवढा एक पुरतो, चार कोर्स अर्धवट करू नका. विंडोजसाठी व्हर्च्युअलबॉक्स टाका, म्हणजे एकाच लॅपटॉपच्या आत दुसरी मशीन चालवता येतात, विंडोज सर्व्हर १८० दिवस इव्हॅल्युएशनवर मिळतो, एक डोमेन कंट्रोलर आणि एक क्लायंट, एवढी लॅब ८ जीबी रॅममध्ये कशीबशी आणि १६ मध्ये आरामात चालते. अभ्यासाला मायक्रोसॉफ्ट लर्न फुकट आहे. अ‍ॅझ्युअरच्या नवीन अकाउंटला ३० दिवसांसाठी २०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, म्हणून ते अकाउंट पहिल्या दिवशी उघडू नका, थिअरी निम्मी झाल्यावर उघडा. लिनक्ससाठी रॉकी किंवा अल्मा, किंवा रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन, तेही एकट्या माणसाला फुकट आहे. क्लाउडवर काहीही चालू केलं तर झोपायच्या आधी बंद करा आणि बजेट अलर्ट लावा.

मी काय केलं, तीच दालमिल पॅकेट ट्रेसरमध्ये बांधली. ऑफिस, वजनकाटा, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक, गोडाऊन, जसं होतं तसं आधी एका सपाट नेटवर्कमध्ये, मग सीसीटीव्ही वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकला, अकाउंट्स वेगळ्या, मॅनेज्ड स्विच लावले, मुद्दाम वायर फिरवून लूप केला आणि एसटीपी एक पोर्ट आपोआप ब्लॉक करतो ते डोळ्यांनी बघितलं. नारिंगी ठिपका दिसला त्या पोर्टवर. दोन तास ट्रक का थांबले होते ते त्या ठिपक्याने मला समजावलं.

सबनेटिंगला सगळे घाबरतात, तर ते आपल्या भाषेत सांगतो. १९२.१६८.१०.० हे २५६ पत्त्यांचं शेत धरा. स्लॅश २६ म्हणजे त्याच्या चार वाटण्या, प्रत्येकी ६४ ची. पहिली ० ते ६३, दुसरी ६४ ते १२७, तिसरी १२८ ते १९१, चौथी १९२ ते २५५. प्रत्येक वाटणीचा पहिला आणि शेवटचा पत्ता हे बांध, पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, बांधावर पीक घेता येत नाही, म्हणून मशीनना द्यायला ६२ उरतात. आता १९२.१६८.१०.१०० कोणाच्या वाटणीत? ६४ ते १२७, म्हणजे नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७. असे रोज दहा, कागदावर, महिनाभर. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, आणि असं झालं की लागतही नाही.

डंपबद्दल मी स्पष्ट लिहितो. चोरलेले प्रश्न पाठ करून पास होणारे मी बघितलेत. पकडले गेले तर सर्टिफिकेट देणारी कंपनी ते रद्द करते आणि पुढे परीक्षेला बसू देत नाही ते वेगळंच, पण त्याआधी इंटरव्ह्यू असतो. सीसीएनए लिहिलेल्या मुलाला डिफॉल्ट गेटवे (आपल्या नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) काय करतो विचारलं आणि तो गप्प बसला, मी त्या खोलीत समोर होतो, मला वाईट वाटलं कारण त्याने पैसे आणि सहा महिने दोन्ही घालवले होते. प्रॅक्टिस टेस्ट वेगळी, ती जरूर द्या, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली का चुकला ते लिहा.

परीक्षेचा दिवस

सीसीएनए, कॉम्पटिया, मायक्रोसॉफ्ट, एडब्ल्यूएस, चारही परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत देता येतात, सेंटरवर किंवा घरून. बुक करताना पत्ता टाकला की जवळचं सेंटर दिसतं. माझं मत, जमत असेल तर सेंटर. पुण्याला जावं लागलं तरी महाराष्ट्र एक्स्प्रेसने आदल्या दिवशी जा, नातेवाइकाकडे मुक्काम करा, झोप काढा. घरून द्यायची तर खोलीचे चारही बाजूंचे फोटो द्यावे लागतात, टेबल रिकामं पाहिजे, खोलीत कोणी यायला नको, न विचारता कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, आणि प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर तीही चालत नाही. चुलतभावाने डोकावून "जेवला का रे" विचारलं तरी परीक्षा जाऊ शकते. लाइट जाते ती वेगळीच. घरूनच द्यायची असेल तर दाराला आतून कडी, लॅपटॉप आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर, आणि ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका, त्यावरचं व्हीपीएन आणि सिक्युरिटी सॉफ्टवेअर आड येतं. सिस्टिम टेस्ट आठवडाभर आधी त्याच खोलीत, त्याच नेटवर करून ठेवा.

नावाची गोष्ट लहान वाटते पण त्यावर लोक परत गेलेत. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळं, आणि रजिस्ट्रेशन करताना आपण घाईत तिसरंच टाकतो. ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच रजिस्ट्रेशनमध्ये पाहिजे. पासपोर्ट काढून ठेवा, सगळ्यात निर्धोक तोच, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींनी तर हे आजच तपासा.

पेपर सोडवताना प्रत्येक कंपनीची रीत वेगळी आहे. सीसीएनएमध्ये पुढे गेलेल्या प्रश्नावर मागे येता येत नाही, त्यामुळे अडलं तर अंदाजाने उत्तर देऊन पुढे चला, पण रिकामं सोडू नका. कॉम्पटियामध्ये करून दाखवायचे मोठे प्रश्न सुरुवातीलाच येतात, ते खूण करून शेवटी करा, नाहीतर अर्धा वेळ तिथेच जातो. एझेड-१०४, एमडी-१०२ अशा परीक्षांत मायक्रोसॉफ्ट लर्न उघडून बघता येतं, पण घड्याळ थांबत नाही, म्हणून दोन-तीन प्रश्नांपुरतंच.

नापास झालात तर त्याच रात्री, आठवतंय तोवर, कोणत्या विषयात अडलो ते वहीत लिहा, प्रश्न नाही, विषय. स्कोअर रिपोर्टवर पण विषयवार दिसतं. सीसीएनएला परत बसायला ५ दिवस थांबावं लागतं, एडब्ल्यूएसला १४, मायक्रोसॉफ्टला पहिल्यांदा २४ तास. तरी लगेच बसू नका, पूर्ण फी परत लागते. तीन-चार आठवडे घ्या आणि फक्त पडलेले विषय करा.

पास झाल्यावर

पहिलं काम आपल्याच कंपनीत. मॅनेजरला मेल टाका, सर्टिफिकेट जोडा, पण सोबत वहीतले आकडे टाका, की गेल्या तीन महिन्यांत मी इतकी तिकिटं एल-टूला पाठवली, त्यातल्या या प्रकारची आता मी स्वतः करू शकतो, मला महिनाभर एल-टूसोबत बसू द्या. नुसतं "माझं प्रमोशन बघा सर" यापेक्षा हे कितीतरी जड पडतं. तिकडून हललं नाही तर बाहेर बघा, एनओसी (नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर) इंजिनिअर, नेटवर्क सपोर्ट, एल-टू डेस्कटॉप, ज्युनिअर अ‍ॅडमिन, या नावांनी शोधा. आणि खरं सांगायचं तर पहिली उडी मारताना नाशिक-पुण्याला जायची तयारी ठेवा, जळगाव-धुळ्यात या जागा मोजक्या आहेत, अनुभव झाला की घरून करायच्या नोकऱ्या उघडतात.

इंटरव्ह्यूमध्ये एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, युजर म्हणतो इंटरनेट चालत नाही, तुम्ही काय कराल? पाठ केलेलं उत्तर देऊ नका, क्रमाने बोला. आधी विचारीन एकाचंच बंद आहे की सगळ्यांचं. मग वायरचा लाइट. मग आयपीकॉन्फिग ही कमांड देऊन पत्ता बघीन, तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीन डीएचसीपीपर्यंत, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेपर्यंत, पोचतच नाहीये, तिकडे बघीन. पत्ता बरोबर असेल तर गेटवे पिंग, म्हणजे तिकडून उत्तर येतं का ते. गेटवे मिळाला तर ८.८.८.८, म्हणजे इंटरनेटवरचा गुगलचा सर्व्हर, पिंग. तेही मिळालं आणि साइट उघडत नाही तर डीएनएस, एनएसलुकअप करीन. एवढं बोलून झालं की तुमच्या वहीतली एक खरी गोष्ट सांगा. मला हा प्रश्न आला तेव्हा मी कागद मागितला आणि दालमिलचं नेटवर्क काढून दाखवलं, कोणती वायर कुठून कुठे गेली होती, आणि आज तिथे असतो तर काय लावलं असतं. पुढची वीस मिनिटं आम्ही त्याच कागदावर बोललो, सर्टिफिकेटवरचा स्कोअर त्यांनी विचारलाच नाही.

आणि मुदत. सीसीएनए, सिक्युरिटी प्लस, एडब्ल्यूएस सगळी ३ वर्षांची, मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची एका वर्षाची, पण तिचं रिन्यूअल फुकट आहे, घरी बसून ऑनलाइन, मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत कधीही. फक्त तो मेल पर्सनल आयडीवर येईल असं बघा, कंपनीचा मेल आयडी टाकला आणि नोकरी बदलली तर मेल जातो तिकडेच, आणि तुम्हाला कळेपर्यंत मुदत संपलेली असते. मावसबहिणीचं रिन्यूअल आम्ही कॅलेंडरला टाकून ठेवलंय, तिच्या आणि माझ्या दोघांच्याही फोनमध्ये.